विटेची खूण

एवारिस्तो ओल्वेराने आयुष्यभर दोन कामं केली. एक पोटासाठी. शिकागोतल्या जुन्या इमारतींच्या विटांमधला कुजलेला चुना खरवडून काढायचा आणि दरजा नव्याने भरायच्या. दुसरं फुकट. आपल्या चार गल्ल्यांचा बूथप्रमुख म्हणून नगरसेवक पिनेदासाठी मतं आणायची. पहिलं काम गुडघ्यांनी सोडायला लावलं. दुसरं एकाहत्तराव्या वर्षीही चालू होतं. दोन्हीकडे त्याचा नियम एकच. खालच्या थरापासून सुरू करायचं, एकही सांधा सोडायचा नाही, हातातलं पुरं झाल्याशिवाय पुढे बघायचं नाही.

बूथाचं काम त्याने कार्डांवर ठेवलं होतं. कामाच्या बुटांच्या जुन्या खोक्यात चारशे बारा कार्डं, घरामागे एक, घरांच्या क्रमाने लावलेली. नावापुढे शिसपेन्सिलीने खूण. अधिक म्हणजे आपला, उणे म्हणजे विरोधी, शून्य म्हणजे सांगता येत नाही. एवढं सगळेच बूथप्रमुख करतात. एवारिस्तोने स्वतःची चौथी खूण काढली होती, विटेसारखा लहान आडवा चौकोन. ज्याच्याकडे या देशाचे कागद नाहीत, त्याच्या नावापुढे वीट. अशा माणसाकडे मत मागून त्याला अवघडवायचं नाही. पण त्याची कचऱ्याची पेटी फुटली, त्याच्या दारासमोरचा दिवा गेला, तर ते काम आपलंच. सदतीस कार्डांवर विटा होत्या.

सप्टेंबरात नगरसेवकाच्या कार्यालयातून सगळ्या बूथप्रमुखांना निरोप आला, कार्डं आणून द्या, संगणकात घालायची आहेत. एवारिस्तो खोकं घेऊन स्वतः गेला आणि टाइप करणाऱ्या मुलीशेजारी दोन दिवस खुर्ची टाकून बसला. इत्झेल तिचं नाव, कॉलेजात जाणारी. गल्लीत सगळेच एवारिस्तोला माएस्त्रो म्हणत, म्हणजे उस्ताद.

"माएस्त्रो, हा चौकोन कसला?"

त्याने सांगितलं.

"हेही घालू?"

"घाल की. अर्धवट काम मला चालत नाही."

तिने शेऱ्याच्या रकान्यात 'वीट' असं टाइप केलं, पुढे आकडा. घरात जितकी माणसं कागदांविना, तितका. कार्यालयाचा व्यवस्थापक केस्लर दाराला टेकून कॉफी पीत ऐकत होता. तो हसला. "माएस्त्रो, तुम्ही शेवटपर्यंत गवंडीच राहणार." एवारिस्तोला ते कौतुक वाटलं.

ऑक्टोबरात मिग्राच्या, कागद नसलेल्यांना धरणाऱ्या सरकारी पोलिसांच्या, गाड्या आल्या. काळ्या काचांच्या, नंबरपाटी बदललेल्या, आत तोंड झाकलेली माणसं. छपरावरून माणूस उचलला, शाळेच्या फाटकाबाहेरून उचलला, मक्याचे तामाले विकणारीला तिच्या हातगाडीजवळून उचलली. गल्लीत ज्याच्या त्याच्या गळ्यात शिट्टी आली. गाडी दिसली की शिट्टी, शिट्टी ऐकली की दारं बंद. नगरसेवक पिनेदा स्वतः शिट्टी घेऊन रस्त्यावर उतरला, त्याचे फोटो छापून आले. वॉर्डाच्या पश्चिमेला, विमानतळाकडे, पोलीस आणि अग्निशमनवाल्यांचे बंगले आहेत. तिथले लोक त्या फोटोंवर चिडले. अकरा वर्षं पिनेदाच्या हाताखाली काढलेल्या केस्लरने ते बरोबर हेरलं. नोव्हेंबरात त्याने राजीनामा दिला आणि पिनेदाच्याच जागेवर अर्ज भरला. घोषणा साधी होती, कायदा सगळ्यांना सारखा. मतदान फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी.

जानेवारीतल्या एका सोमवारी काँदेलारिया एक पत्र घेऊन एवारिस्तोच्या स्वयंपाकघरात आली. ती चार घरं पलीकडची विधवा, सत्तावीसशे एकतीस नंबरची.

"माएस्त्रो, हे बघा. हा साडे कुठून आला? महापालिका माझ्यावर दुसरी घरपट्टी लावतेय की काय?"

पत्र केस्लरच्या प्रचाराचं होतं. वर पत्ता, बर्मुदेस कुटुंब, सत्तावीसशे साडेएकतीस.

एवारिस्तोने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

काँदेलारियाच्या मागच्या अंगणात दोन खोल्यांचं जुनं बैठं घर आहे. निकानोर बर्मुदेस, त्याची बायको सबिना आणि त्यांची मुलगी तिथे सहा वर्षं भाड्याने राहत होती. निकानोर छपरांचं काम करायचा. त्या घराला नंबर नव्हता. त्यांची पत्रं काँदेलारियाच्या नावाने यायची. पण कार्डं क्रमाने लावायची तर नंबर हवा, म्हणून एवारिस्तोने आपल्या सोयीसाठी एक करून टाकला. सत्तावीसशे साडेएकतीस. तो नंबर महापालिकेत नव्हता, मतदार यादीत नव्हता, दारावरही नव्हता. फक्त त्याच्या कार्डावर होता. आणि त्या कार्डावर तीन विटा होत्या.

"घरपट्टीचं नाही," तो म्हणाला. "कधी आलं?"

"गेल्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी. सबिनाला दाखवलं. तिने वाचलं, परत दिलं. म्हणाली, तुम्हीच ठेवा."

"अजून काही म्हणाली?"

"तेव्हापासून काहीच बोलत नाही ती. निकानोरही कामावर जात नाही. का हो, तुमचा चेहरा असा का झालाय?"

काँदेलारिया गेल्यावर त्याची बायको ओब्दुलिया सिंकपाशी हात पुसत उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं.

"केस्लरने जाताना यादी नेली."

"हो."

"विटांसकट?"

एवारिस्तोने पत्राची घडी करून ते खिशात ठेवलं.

"म्हाताऱ्या, मी तेव्हाच म्हणाले होते, नावं डोक्यात ठेव. तुला सगळं लिहून हवं. त्यावर पुन्हा टाइप करून हवं."

"भांडू नकोस."

"भांडत नाहीये. विचारतेय. आता काय करणार?"

तो आधी पिनेदाकडे गेला. पिनेदाच्या धाकट्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी एवारिस्तोने हातांत धरलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. पिनेदाने दार लावून घेतलं आणि संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. शेऱ्याच्या रकान्यात खालपर्यंत लिहिलेलं होतं. वीट २. वीट १. वीट ३.

"मला वाटायचं, घर विटांचं आहे म्हणून," पिनेदा म्हणाला.

"केस्लरला माहीत आहे. मी सांगत होतो तेव्हा तो दारात उभा होता."

पिनेदाने कपाळ चोळलं. "कोंपाद्रे, नीट ऐका. चार आठवडे राहिलेत. तुम्ही आज तोंड उघडलंत तर लोक काय म्हणतील? यादी पिनेदाच्या कार्यालयातून फुटली. मी पडणार. मी पडलो की केस्लर येणार. मग त्या सदतीस घरांचं कोण बघणार?"

"आणि या चार आठवड्यांत कोण बघणार?"

"केस्लर इतका खालचा नाही. मतांसाठी पत्रं धाडणं वेगळं, यादी मिग्राच्या हातात देणं वेगळं."

"अकरा वर्षं ओळखतोस त्याला. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगशील?"

पिनेदाने पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला. "माझ्यासाठी म्हणून थांबा," तो म्हणाला. "तीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलंय?"

त्याने दर निवडणुकीत मागितलं होतं, आणि एवारिस्तोने दर वेळी दिलं होतं. एवारिस्तोने टोपी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विटांची सदतीस कार्डं खिशात घालून निघाला. प्रत्येकाच्या दारात उभं राहून सांगायचं, चूक माझी, यादी गेलीय, सावध राहा. आणि त्याचं कार्ड त्याच्या हातात द्यायचं. कार्ड परत देऊन यादी पुसली जाणार नाही, हे त्याला कळत होतं.

पहिल्या दारावर त्याने ठोठावलं. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला. पडद्याची कड हलली आणि थांबली. त्याने हाक मारली, नाव सांगितलं. कडी निघाली नाही. दुसऱ्या दारीही तेच. एकतीस वर्षं त्याने ही दारं ठोठावली होती आणि लोकांनी त्याला आत बोलावून मक्याचं गरम आतोले पाजलं होतं. आता ठोठावणं हाच धाक झाला होता. कोण ठोठावतंय ते बघायलाही कुणी पडदा पुरता सरकवत नव्हतं.

रात्रभर बर्फ पडला होता. पायऱ्यांवर वीतभर थर होता. एवारिस्तो घरी गेला, फावडं घेऊन आला आणि पहिल्या घराच्या पायऱ्या उपसायला लागला.

काम त्याने कामासारखंच केलं. वरच्या पायरीपासून खाली, फावड्याची धार तिरपी, कडेचा बर्फही खरवडून. मीठ टाकलं. चौथ्या पायरीवर होता तेव्हा वर कडी वाजली. स्वेटर घातलेली बाई दारात आली.

"माएस्त्रो, तुम्ही? मला वाटलं..."

"माहीत आहे काय वाटलं. फावडं घेऊन मिग्रा येत नाही. जरा दार लोटून घ्या, थंडी आत जातेय. मला दोन गोष्टी सांगायच्यात."

सिमेंटवर फावडं घासल्याचा आवाज दोन मिनिटं झाला की पडदा सरकायचा, तिसऱ्या मिनिटाला दार उघडायचं. पण सत्तरीच्या माणसाचे गुडघे दिवसाला बारा-तेरा घरांच्या वर जात नाहीत. तो क्रमाने निघाला होता, रस्त्याच्या खालच्या टोकापासून, नंबराप्रमाणे. दुसरा काही क्रम असू शकतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

एका घरी म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं, कार्डाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझ्या नावापुढे वीट काढलीत ती वाकडी आहे." मग दार लावलं. एका घरी बाई रडली आणि तिने त्याला बसायलाही सांगितलं नाही. एका घरी नवरा म्हणाला, "तुम्ही तरी सांगायला आलात." एका घरी कार्ड तिथल्या तिथे गॅसवर धरलं. रस्त्यापलीकडचा फोर्तुनातो आपली गाडी काढलेल्या जागेत मोडकी खुर्ची ठेवत होता, म्हणजे संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी तिथे गाडी लावणार नाही. तो ओरडला, "माएस्त्रो, उपसलेल्या पायऱ्यांवरही खुर्ची ठेवा. नाहीतर कुणीतरी पायऱ्या पळवेल."

"तुझ्या जिभेवर ठेवतो," एवारिस्तो म्हणाला. पण त्याला हसू आलं नाही. ठोसा बसावा तशी पाठ दुखत होती, आणि कुठूनही शिट्टी ऐकू आली की तो फावडं थांबवून कुठल्या बाजूने आली ते ऐकत राहायचा. माझ्या कार्डांमुळे असेल का? कुठल्या कार्डामुळे? दोनदा शिट्टी वाजली. दोन्ही वेळा दूर, रेल्वेलाइनीपलीकडे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो काँदेलारियाच्या अंगणातून मागच्या बैठ्या घराशी आला. खिशात शेवटचं कार्ड राहिलं होतं. त्याने फावडं टेकवण्याआधीच दार उघडलं. सबिना उभी होती. अंगात कोट, पायात बूट. मागे निकानोर, आणि त्याच्या पायाशी एक भरलेली पिशवी.

"आतच या," ती म्हणाली. "पायऱ्या मीच काढल्यात."

त्याने टोपी काढली. सांगायचं ते पाठ झालं होतं, चूक माझी, यादी गेलीय. सबिनाने मध्येच अडवलं.

"आम्हाला बारा दिवसांपासून माहीत आहे, माएस्त्रो. पत्र आलं त्याच दिवशी कळलं. साडेएकतीस हा नंबर तुम्हीच आम्हाला सांगितला होता, हसत हसत. आठवतंय? कचऱ्याची पेटी आणून दिलीत तेव्हा. दुसऱ्या कुणाला तो माहीत नाही."

"मग आला का नाहीत माझ्याकडे?"

"तुम्ही येता का, ते बघत होतो." तिने खिडकीकडे बोट केलं. "दोन घरांच्या मधून रस्ता दिसतो. तीन दिवस तुमचं फावडं ऐकतोय. खालच्या टोकापासून एकेक घर. निकानोर म्हणाला, म्हातारा क्रमाने येणार. मी म्हटलं, पत्ता आमचा छापून आला, आणि आमचा नंबर शेवटी?"

एवारिस्तोने खिशात हात घातला. त्याने कार्ड पुढे केलं. सबिनाने ते घेऊन वाचलं.

"तीन विटा. मुलगी इथे जन्मली, माएस्त्रो. या शहरातल्या इस्पितळात. तिच्यापुढे वीट कशी?"

सहा वर्षांपूर्वी त्याने विचारलं नव्हतं. घराकडे बघून तीन चौकोन काढले होते. कानांपर्यंत ऊन चढावं तसा त्याचा चेहरा तापला. एकही सांधा न सोडणाऱ्या माणसाने एका पोरीला बिनकागदाची ठरवली होती, आणि आता ती कुणाच्या तरी संगणकात तशीच होती.

"मी काय करू?" त्याने विचारलं. आयुष्यात हा प्रश्न त्याने फार वेळा विचारला नव्हता.

"सगळी दारं केलीत. पण त्या माणसाला अजून वाटतंय की हे कुणाला ठाऊक नाही. उद्या आमच्यातल्या कुणाला उचललं तर कोण म्हणणार की नाव त्याच्याकडून गेलं? त्याच्या तोंडावर सांगा. सगळ्यांसमोर. मग त्याच्या हातून काही झालं तर सगळ्यांना कळेल, कुणाचा हात होता."

"पिनेदा पडेल."

"पिनेदा पडला तर घरी जाईल," निकानोर पहिल्यांदा बोलला. "आपल्या घरी."

दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, सान तेल्मो चर्चच्या हॉलमध्ये तामाले होते आणि उमेदवारांची सभाही. हॉल भरला होता. माणसं ताटल्या मांडीवर ठेवून बसली होती, गळ्यात शिट्ट्या. पुढच्या टेबलाशी पिनेदा आणि केस्लर, मध्ये पाद्री. ओब्दुलियाने नवऱ्याच्या कोटाची कॉलर नीट केली. "हात खिशात घालू नकोस," ती म्हणाली. "थरथरतात ते दिसू दे. लोकांना कळतं."

प्रश्नांची वेळ आली तेव्हा तो उठला.

"मी ओल्वेरा. एकतीस वर्षं पिनेदाचा बूथप्रमुख. माझ्या कार्डांवर मी खुणा केल्या होत्या, कुणाकडे कागद आहेत, कुणाकडे नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं. मीच केल्या, आणि मीच त्या पिनेदाच्या कार्यालयात टाइप करून घेतल्या. ती यादी केस्लरसाहेबांकडे आहे."

पिनेदाने डोळे मिटले.

"मतदारांची यादी प्रत्येक उमेदवाराकडे असते," केस्लर शांतपणे म्हणाला. "त्यात काही गुपित नाही."

एवारिस्तोने खिशातून पत्र काढलं. "या पत्त्यावर तुम्ही पत्र धाडलंत. पत्ता वाचत नाही. हा पत्ता मतदार यादीत नाही. महापालिकेत नाही. तो मी माझ्या हाताने केलाय, शिसपेन्सिलीने. तो तुमच्याकडे माझ्या कार्डांतूनच आला." त्याला धाप लागली होती, तो थांबला. "त्या घरांपैकी एकाचंही दार कुणी ठोठावलं, तर या हॉलमधला प्रत्येक माणूस पहिलं नाव तुमचं घेईल. दुसरं माझं. एवढंच."

तो बसला. मागे कुणीतरी ताटली खाली ठेवली. केस्लर यादीबद्दल, वकिलांबद्दल, बदनामीबद्दल बोलू लागला. पण लोक त्याच्याकडे बघत नव्हते, पिनेदाकडे बघत होते. पिनेदाने समोरचे कागद गोळा केले. बाहेर जाताना तो एवारिस्तोच्या शेजारून गेला आणि कोंपाद्रे म्हणाला नाही.

मतदानाच्या दिवशी एवारिस्तो मत देऊन घरी आला आणि दिवसभर घरातच बसला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. पिनेदा त्याच्या बूथावर आणि वॉर्डातही मागे पडला. पण सभेला न आलेल्या तिसऱ्या उमेदवारानेही मतं खाल्ली आणि केस्लरलाही निम्मी मतं मिळाली नाहीत, त्यामुळे पहिल्या दोघांची पुन्हा लढत एप्रिलमध्ये ठरली. म्हणजे आणखी सहा आठवडे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. एका वकील बाईने कोर्टात अर्ज दिला, यादी सील करा म्हणून. तारीख पडली. सदतीस घरांपैकी चार घरं रिकामी झाली. ती माणसं कुठे गेली ते त्याने कुणाला विचारलं नाही. सबिनाचं घर तिथेच होतं. पिशवी दाराशी होती, ते खिडकीतून दिसायचं. निकानोर पुन्हा छपरांवर जाऊ लागला होता, आठवड्यातून दोन दिवस, मुकादम ओळखीचा असेल तरच.

मार्चमध्ये पुन्हा बर्फ पडला. एवारिस्तो फावडं घेऊन निघाला. खालच्या टोकाकडे न वळता तो आधी काँदेलारियाच्या अंगणात शिरला आणि मागच्या बैठ्या घराच्या पायऱ्यांवर वाकला. खिडकीत पडदा हलला. दार उघडलं नाही, पण आत दिवा लागला, आणि तो लागलेलाच राहिला.

तो दुसऱ्या पायरीवर होता, तेव्हा बाहेरच्या रस्त्याने एक गाडी फार हळू गेली. त्याने फावडं उचलून धरलं, बर्फावर न टेकवता. गळ्यातली शिट्टी दातांत धरली. इंजिनाचा आवाज कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, कमी झाला. तो आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग शिट्टी सोडून तिसऱ्या पायरीला लागला.